मावळतीच्या फोटोत कातळ काळाठिक्कर येतो? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी हे बघा

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की हा प्रश्न ठरलेला, आणि मे महिन्यात पुन्हा एकदा. बीड, लातूर, परभणी, नांदेडकडची पोरं कोकणात जाऊन येतात आणि फोटो पाठवतात. वर आकाश केशरी, देखणं. खाली अर्धी चौकट डांबर ओतल्यासारखी. सोबत एक ओळ: "भाऊ, काहून असं होतंय? सेन्सर गेला काय?" काहींचं उलटं होतं. कातळ दिसतो, पण आकाश पांढरंफटक आणि सूर्याच्या जागी नुसतं भोक.

सेन्सर गेलेला नसतो. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे आणि बहुतेक वेळा ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये नसतं. तुम्ही कुठं उभे राहिलात, कोणत्या तिथीला गेलात आणि सूर्य बुडाल्यावर किती वेळ थांबलात, यात असतं. सेटिंगचं नंतर बोलू.

असं का होतं

आपला मराठवाडा जवळजवळ सगळा काळ्या बेसाल्टवर बसलेला आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी त्यातच कोरली, देवगिरीचा कडा त्याचाच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे जे थर साचले, ते पश्चिमेला थेट समुद्रापर्यंत पोचलेत. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरला देवळामागच्या पायऱ्या उतरून प्रदक्षिणेच्या वाटेला लागलात की पायाखाली तोच दगड असतो. लाटांनी घासलेला, वाऱ्या-मिठानं जाळीदार झालेला, पण दगड आपल्या ओळखीचाच. म्हणून आपली गफलत होते. देवगिरीचा किल्ला संध्याकाळी टिपताना आपण सूर्य पाठीशी ठेवतो, आणि उन्हात तो काळा दगडही तांबूस उजळतो. समुद्रावर मात्र आपण सगळे सूर्याकडेच तोंड करून उभे राहतो. म्हणजे कातळाची जी बाजू आपल्याला दिसते ती त्याच्या सावलीची. मुळात काळा, त्यात ओला, त्यात सावलीत.

चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सर सगळ्यात कमी आयएसओवर (आयएसओ म्हणजे उजेडाबाबतच्या संवेदनशीलतेचं सेटिंग) साधारण १३-१४ स्टॉपचा फरक पकडतो. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. सूर्याची उघडी चकती आणि सावलीतला ओला बेसाल्ट एका चौकटीत आले की हा हिशोब कोलमडतो, कॅमेरा कितीही लाखाचा असो. दोघांपैकी एकाला सोडावं लागतं, आणि ऑटो मोडमध्ये कुणाला सोडायचं ते कॅमेरा ठरवतो.

जांभ्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे रत्नागिरीच्या बाजूला, त्रास थोडा कमी असतो. जांभा मुळात तांबडा, तिरपं ऊन चांगलं घेतो. उदगीरकडच्यांनी बिदरचा किल्ला पाहिला असेल, तोच दगड. पण लाटांचा मारा बसतो तिथं जांभाही काळवंडलेला असतो, त्यामुळे रत्नागिरीला गेलो म्हणजे सुटलो असं समजू नका.

उभं राहण्याची जागा

फोटो काढताना सूर्य चौकटीत हवाच, हा हट्ट आधी सोडा. सूर्य डाव्या किंवा उजव्या खांद्याच्या दिशेला राहील असे वळा. आता ऊन कातळावर आडवं सरपटत येतं. प्रत्येक खाच, प्रत्येक कंगोरा एका बाजूनं सोनेरी आणि दुसऱ्या बाजूनं गडद होतो. खडबडीत किनाऱ्याचा खडबडीतपणा दिसतो तो याच उजेडात.

कोणत्या खांद्याला ते महिन्यावर ठरतं. मावळतीची जागा वर्षभरात बरीच सरकते. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला बुडतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. आपला किनारा ढोबळमानानं उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे थंडीत उत्तरेकडे तोंड केलं की किनारा समोर पसरतो आणि सूर्य डाव्या हाताला थोडा मागे जातो, ही फार सोयीची मांडणी. मे महिन्यात हेच दक्षिणेकडे तोंड करून करा.

सूर्य चौकटीत घ्यायचाच असेल तर कोरड्या कातळाच्या मागे लागू नका. ओला कातळ शोधा, आणि तोही आडवा, सपाट. ओला दगड स्वतःचा उजेड देत नाही, पण त्यावरची पाण्याची फिल्म आकाश परावर्तित करते. डबकी, नुकतीच ओसरलेली लाट, फेसाचे पट्टे ही तुमच्या खालच्या अर्ध्या चौकटीतली खरी उजेडाची साधनं. कॅमेरा कमरेच्या खाली आणला तर हे प्रतिबिंब आणखी वाढतं. उभा, कोरडा कडा मात्र काळाच राहणार. त्याचा आकार नेटका असेल तर त्याला छायाकृती म्हणूनच वापरा आणि पुढे चला.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. लेन्सवर पोलरायझर चढवलेला असेल तर तो काढा. दुपारी आकाश निळं करायला लावलेला असतो आणि तसाच राहून जातो. पोलरायझरचं कामच ओल्या पृष्ठभागावरची चमक मारणं. म्हणजे कातळावर जो थोडासा उजेड आपण मुश्किलीनं मिळवला, तोच तो खाऊन टाकतो; वर दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो तो वेगळाच. काढायचा नसेल तर निदान फिरवून बघा, कातळावरची चमक सगळ्यात जास्त दिसते तिथं थांबा.

तिथी बघून जा

आपल्याकडे भरती-ओहोटीचा संबंध कधी येत नाही, म्हणून हा भाग सगळ्यात जास्त चुकतो. शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली की गाडी काढायची, ताम्हिणी घाट उतरून माणगाव गाठायचं आणि संध्याकाळी किनाऱ्यावर. तिथं पोचल्यावर कळतं की सगळा कातळ पाण्याखाली. किंवा उलट, पाणी इतकं मागे गेलंय की कातळ कोरडाठाक पडलाय आणि प्रतिबिंबाला थेंब नाही.

किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेला एक सोपा हिशोब आहे. तिथीचा आकडा तीननं गुणा, चारनं भागा. येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले तीन बारा, भागिले चार तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यावरून हा हिशोब बसतो.

आता हे मावळतीला लावा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं: दुपारी पाणी खूप वर येतं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास खूप खाली जातं. कातळाचा सगळ्यात मोठा विस्तार तेव्हा उघडा पडतो, पण तुम्ही पोचेपर्यंत वरचा भाग वाळलेला असतो आणि अंधार पडता पडता पाणी परत फिरतं. अष्टमीला भांग असते, पाण्याची चढ-उतार कमी, पण नेमकी मावळतीलाच भरती. खालच्या कातळावर जाताच येत नाही, वरूनच फोटो घ्यावे लागतात. माझी पसंती द्वितीया ते चतुर्थी. भरती दीड ते तीनच्या दरम्यान होऊन गेलेली, संध्याकाळी पाणी हळूहळू उतरतंय, प्रत्येक लाट मागच्या लाटेपेक्षा थोडी खाली, आणि मागे राहिलेला कातळ ओलाचिंब. फोटोलाही बरं आणि जिवालाही. एकादशी-द्वादशीला ओहोटी दुपारी दोन-तीनलाच होऊन जाते. मावळतीला पाणी चढतं असतं आणि आपलं लक्ष स्क्रीनकडे असतं. त्या दिवशी खालच्या कातळावर उतरू नका. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट तर भरतीत बंदच होते.

हा अंदाज आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, आणि दक्षिणेकडे जाल तशी वेळ थोडी आधी येते. नक्की वेळेसाठी जवळच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर बघा, आणि गावातल्या कोळ्याला विचारा. कोळी "आता खाली नका जाऊ" म्हणाला की विषय संपला. पावसाळ्याचे चार महिने हा सगळा हिशोब बाजूला ठेवा. तेव्हा समुद्र तिथी बघून वागत नाही.

सूर्यास्ताच्या वेळेचंही तसंच. घरच्या दिनदर्शिकेवरची वेळ धरून गेलात तर लवकर पोचाल, हे त्यातल्या त्यात बरं. नांदेडपेक्षा रायगडच्या किनाऱ्यावर सूर्य साधारण १७ मिनिटं उशिरा मावळतो, छत्रपती संभाजीनगरपेक्षा ९ मिनिटं. तिथं उभे असताना हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये किती बोटं बसतात ते मोजा. एक बोट म्हणजे पंधराएक मिनिटं. उन्हाळ्यात मात्र क्षितिजावर धुरकट पट्टा असतो आणि सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्यात विरून जातो. लोक हिरमुसतात, पण कातळासाठी ही चांगली बातमी: सूर्य मंद लालसर झाला की आकाश आणि दगड यांच्यातला फरक कमी होतो.

आणि सूर्य बुडाल्याबरोबर जे टाळ्या वाजवून मासे खायला पळतात, त्यांच्याच फोटोत कातळ काळा असतो. आपल्या अक्षांशावर मावळतीनंतर वीसेक मिनिटं संधिप्रकाश चांगला टिकतो. उजेड आता एका बिंदूतून नाही, सगळ्या आभाळातून येतो. सावली नाहीशी होते, दगडावर जांभळट-गुलाबी छटा चढते आणि कॅमेऱ्याच्या आवाक्यात सगळं एकत्र मावतं. तक्रारीचे निम्मे फोटो नुसतं थांबल्यानं सुधारले असते.

आता सेटिंग

मॅन्युअल मोड, आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११, फाइल रॉ (सेन्सरची कच्ची, न दाबलेली माहिती). एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, बारीक छिद्रात विवर्तनामुळे तपशील मऊ पडतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. सावलीतला कातळ नंतर वर काढायचा तर हा फरक जीव की प्राण.

आकाशावरून सुरुवात करा. शटर, म्हणजे ते उघडं राहण्याचा वेळ, इतकं ठेवा की उडालेला (अति उजेडानं पांढरा पडलेला) भाग दाखवणारी स्क्रीनवरची लुकलुक फक्त सूर्याच्या चकतीपुरती राहील. एवढ्यानं फोटो अंधारा दिसेल, दिसू द्या. मग बाकी काही न हलवता शटर दोन स्टॉपनं वाढवून दुसरा, चार स्टॉपनं वाढवून तिसरा. ट्रायपॉड हवाच, आणि त्यावर लेन्सचं स्थिरीकरण बंद. घरी आकाश पहिल्या फ्रेममधून घ्या, कातळ तिसऱ्यातून. सॉफ्टवेअरला आपोआप जोडायला दिलं तर लाटांची भुतं तयार होतात, कारण तिन्ही फ्रेममध्ये पाणी वेगळ्या जागी असतं. म्हणून पाणी कोणत्या तरी एकाच फ्रेममधलं ठेवून मास्कनं जोडा. आणि कातळ पूर्ण उजळवू नका. संध्याकाळी कातळ गडदच असतो, बघणाऱ्याला ते माहीत असतं. आत तपशील आहे एवढं जाणवलं तरी पुरे.

दोन सापळे आहेत. पहिला स्क्रीनचा. अंधार पडायला लागला की कॅमेऱ्याची स्क्रीन डोळ्यांना प्रमाणाबाहेर उजळ वाटते. फोटो बरा आलाय म्हणून आपण शटर कमी करतो आणि घरी येऊन सगळं काळं. स्क्रीनवर विश्वास ठेवू नका, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघा. दुसरा लाल रंगाचा. मावळतीला लाल चॅनेल आधी भरून वाहतो आणि साध्या पांढऱ्या हिस्टोग्राममध्ये ते कळत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा, नाहीतर सूर्याभोवती एक सपाट पिवळा डाग येतो, जो कोणत्याही सॉफ्टवेअरनं निघत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर कॅमेरा तांबडेपणा हा दोष समजून काढून टाकतो. तो ५,५०० केल्विनच्या आसपास कायम करून ठेवा.

लाटेसाठी शटर: अर्ध्या ते पाव सेकंदात ओसरत्या पाण्याच्या रेघा कातळावरून उतरताना दिसतात. तीस सेकंदांत सगळं धुकं होतं. ते बऱ्याच जणांना आवडतं. मला त्यात समुद्र हरवल्यासारखा वाटतो.

ग्रॅड फिल्टर इथं का फसतो

पैठणच्या नाथसागरावर सराव केलेल्यांचा हा खास प्रश्न. सरावाला ती जागा उत्तमच: गोदावरी पूर्वेकडे वाहते, धरण पूर्वेच्या टोकाला, त्यामुळे पैठणच्या बाजूच्या काठावरून पाण्याचा विस्तार पश्चिमेला पसरतो आणि सूर्य पाण्यावर मावळतो. क्षितिज सरळ रेघेसारखं. वरून काळी आणि खालून पारदर्शक अशी ग्रॅड फिल्टरची काच त्या रेघेवर अचूक बसते आणि फोटो पहिल्या फटक्यात जमतो. मग तीच काच घेऊन माणूस समुद्रावर जातो, आणि क्षितिजाच्या वर डोकावणारा कडा फिल्टरच्या काळ्या भागात येतो. आधीच काळा, त्यावर आणखी तीन स्टॉपचं झाकण. खडबडीत किनाऱ्यावर, जिथं कडे क्षितिज तोडतात तिथं, कडक कडेचा ग्रॅड फिल्टर पिशवीतच ठेवा. मऊ कडेचा, दोन स्टॉपचा चालेल. नाहीतर वर सांगितलेल्या तीन फ्रेम.

मोबाइलवाल्यांसाठी

आकाशावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होतील. मग सरकपट्टी थोडी खाली ओढा. एचडीआर चालू राहू द्या. झूम करू नका. सूर्य बुडाल्यावर फोन दगडावर टेकवून नाइट मोडमध्ये घेतलेला फोटो हातात धरून मावळतीला घेतलेल्या दहा फोटोंपेक्षा सरस येतो. आणि सगळ्यात आधी लेन्स पुसा.

धुकं आणि मीठ

"सगळ्याच फोटोवर पांढरट पडदा" ही जोडतक्रार. कारण गाडीचा एसी. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे कधी घडत नाही, पण किनाऱ्यावर दमट हवा थंडगार लेन्सवर आदळली की काचेवर बाष्प धरतं. कधी आतल्या काचेवरही, आणि ते पुसता येत नाही. किनाऱ्यावर पोचायच्या अर्धा-पाऊण तास आधी एसी बंद, खिडक्या खाली, कॅमेरा पिशवीतच बंद. पिशवी मग किनाऱ्यावरच उघडा.

त्यानंतरही पडदा राहिला तर ते लाटांचे बारीक तुषार. समोर सूर्य असताना लेन्सवरचा एक वाळलेला थेंबही फोटोत वर्तुळ होऊन दिसतो. वाळलेलं मीठ कोरड्या कापडानं घासू नका, काचेवरचा लेप ओरखडतो. आधी ब्लोअर, मग लेन्सच्या द्रावणात किंचित ओला केलेला मायक्रोफायबर. स्वस्तातला यूव्ही फिल्टर सूर्यासमोर दुहेरी प्रतिमा देतो, शॉटपुरता काढा आणि लगेच परत लावा. ट्रायपॉडचे पाय मुक्कामी गोड्या पाण्यानं धुवा, सांधे उघडून. नाहीतर पुढच्या लग्नसराईत ते जागेवरच अडकतात.

प्री-वेडिंगवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवावं: जोडप्याला शेवाळलेल्या कातळावर उभं करू नका, नवरी घेरदार कपड्यात असते आणि तिला पाय कुठं पडतोय ते दिसत नाही. सहायकापैकी एकानं पूर्ण वेळ लाटांकडे बघत राहावं, रिफ्लेक्टर धरलेल्यानं नव्हे, दुसऱ्यानं. चेहऱ्यांसाठी फ्लॅश वापरत असाल तर त्यावर नारंगी जिलेटिन लावा, नाहीतर मागे केशरी आभाळ आणि पुढे निळसर पांढरे चेहरे असा विजोड फोटो होतो.

एवढं करूनही कातळ काळाच येत असेल तर फोटो पाठवा, पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून नको. तो दाबून लहान होतो, सेटिंगची माहिती गळून जाते आणि मला काहीच कळत नाही. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवा. सोबत जागा, तारीख, तिथी, तोंड कोणत्या दिशेला होतं आणि लेन्सवर कोणता फिल्टर होता, हे लिहा.